फाइलचे नाव मराठीत आहे, म्हणून अर्ज अडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारचे गुरुजी निवृत्त होऊन बावीस वर्षे झाली. गेल्या महिन्यात त्यांनी थोरल्या भावाच्या पश्चात करायच्या वारसनोंदीचा अर्ज एका कार्यालयाला ई-मेलने पाठवला. अर्ज स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिलेला. नातवाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून पीडीएफ केली आणि आजोबांनी सांगितले तसे फाइलला नाव दिले : 'वारस नोंद अर्ज'. चार दिवसांनी उत्तर आले. 'आपले जोडपत्र उघडत नाही. फाइलचे नाव फक्त इंग्रजी अक्षरांत देऊन अर्ज पुन्हा पाठवावा.' त्याखाली त्या कार्यालयाच्या नेहमीच्या सूचना होत्या आणि त्यांतली एक सूचना अशी की, मराठी नावाच्या फाइली स्वीकारल्या जाणार नाहीत.

गुरुजी मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. छत्तीस वर्षे मराठी शिकवलेला माणूस. म्हणाले, "तू कॉम्प्युटरचं काम करतेस ना? मग मला एवढंच सांग, दोष माझ्या अर्जात आहे, की भाषेत?"

मी मिरजेत राहते आणि गेली पंचवीस वर्षे सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. ठेवीच्या पावत्या, कर्जखात्याचे उतारे, वार्षिक सभेच्या नोटिसा हे सगळे पीडीएफ करून सभासदांना ई-मेलने पाठवण्याचा कोड मी कितीदा तरी लिहिला, मोडला, पुन्हा लिहिला. त्यामुळे गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. दोष अर्जात नाही, भाषेत तर नाहीच. ई-मेलच्या नियमांतही तो नाही. कुणीतरी अर्धवट लिहिलेल्या कोडमध्ये तो आहे, आणि कार्यालयाने कोड दुरुस्त करून घेण्याऐवजी नागरिकांनाच नावे बदलायला सांगितली आहेत. हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. थोडे तांत्रिक होईल, पण वाचकांनी कंटाळू नये. रोज आपण जे पाठवतो त्याच्या पोटात काय असते, ते एकदा कळायला हवे.

ई-मेलला अटॅचमेंट जोडतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात काहीच जोडले जात नाही. पत्र आणि फाइल मिळून एकच लांबलचक मजकूर तयार होतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग. सरकारी नस्ती ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे लगेच समजेल. एकाच नस्तीत टिपणी असते, पत्रव्यवहार असतो, जोडपत्रे असतात, आणि कुठला भाग कुठे सुरू होतो ते कळावे म्हणून ध्वज लावलेले असतात. ई-मेलमध्ये या ध्वजाला बाउंडरी म्हणतात. पत्राच्या डोक्यावरच सांगायचे असते की हे पत्र 'मल्टिपार्ट' आहे आणि यातल्या भागांमधली खूण अमुक आहे. मग प्रत्येक भागाआधी दोन आडव्या रेघा आणि ती खूण. त्याखाली त्या भागाची ओळख : हा साधा मजकूर आहे की पीडीएफ, कोणत्या पद्धतीने लिहिला आहे, फाइलचे नाव काय. मग एक कोरी ओळ, आणि त्यानंतर प्रत्यक्ष माल. सगळे भाग संपले की तीच खूण शेवटी आणखी दोन रेघांसह. ही शेवटची ओळ विसरणारे आणि ती कोरी ओळ विसरणारे प्रोग्रामर मी सारख्याच संख्येने पाहिले आहेत.

आता त्या मालाविषयी. पीडीएफ म्हणजे नुसते बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे (शून्य-एकांचे) गट, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कुठल्याही किमतीचे. ई-मेलची मूळ वाट मात्र फक्त इंग्रजी टाइपरायटरची अक्षरे वाहून नेण्यासाठी बांधली होती. १९८२ साली ठरलेल्या नियमांत एका अक्षराला सात बिट, म्हणजे एकूण १२८ चिन्हे, आणि एका ओळीत जास्तीत जास्त हजार, एवढीच सोय होती. त्या वाटेने फोटो किंवा पीडीएफ न्यायची तर तिला आधी अक्षरांचे रूप द्यावे लागते. त्याची रूढ रीत म्हणजे बेस६४. इंग्रजीची सव्वीस मोठी अक्षरे, सव्वीस छोटी, दहा अंक, एक अधिकचिन्ह आणि एक तिरकी रेघ मिळून चौसष्ट चिन्हे. फाइलचे तीन बाइट घ्यायचे, त्यांचे चोवीस बिट होतात, त्यांचे सहा-सहाचे चार वाटे करायचे आणि प्रत्येक वाट्यासाठी एक चिन्ह लिहायचे. म्हणजे तीनाचे चार होतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी असतानाही १८ एमबीच्या वरची फाइल त्यातून जायला कुरकुरते, त्याचे कारण हेच. पाठवताना ती सव्वापटीहून अधिक फुगलेली असते.

फाइलची लांबी तीनाच्या पटीत नसेल तर शेवटी एक किंवा दोन बरोबरीची चिन्हे टाकून चार पुरे करतात. या बरोबरीच्या चिन्हाने मला २००७ साली जो धडा दिला, तो इथे सांगितलाच पाहिजे.

तेव्हा एका पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवाल पहिल्यांदाच ई-मेलने पाठवायचे ठरले होते. सगळ्या सभासदांकडे ई-मेल नव्हता, पण पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेलेल्या सुमारे दोनशे जणांकडे होता. अहवाल मराठीत. त्या काळी आम्ही जे फॉन्ट वापरायचो त्यांतला मजकूर थेट पत्रात टाकला तर समोरच्याला नुसती विचित्र चिन्हे दिसायची, म्हणून फॉन्टसकट पीडीएफ करून पाठवण्याला पर्याय नव्हता. मी व्हिज्युअल बेसिकमध्ये स्वतः कोड लिहिला. तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, विकत घ्यायला संस्थेकडे पैसे नव्हते आणि मला वाटले, यात अवघड ते काय? फाइल उघडायची, एकेक हजार चोवीस बाइटचा तुकडा वाचायचा, त्याचे बेस६४ करायचे, खाली खाली चिकटवत जायचे. माझ्या कॉम्प्युटरवर पीडीएफ नीट उघडली. संस्थेच्या मॅनेजरांच्याही उघडली. रात्री दोनशे पत्रे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन सुरू झाले. काहींना अहवाल व्यवस्थित दिसत होता, काहींच्या पीडीएफ 'खराब आहे' म्हणत होत्या. चेअरमन म्हणाले, त्यांचे कॉम्प्युटर जुने असतील. मीही तसेच मानून घेतले असते. पण पुण्याच्या एका सभासदाच्या मुलाने सहज एक वाक्य लिहिले होते : 'फाइल फक्त एक केबीची आली आहे.' मी त्याला नेमके बाइट मोजून सांगायला सांगितले. त्याने कळवले, १०२४.

तो आकडा वाचला आणि पोटात खड्डा पडला, कारण तो माझाच होता. एक हजार चोवीसला तीनाने भागले तर एक उरतो. म्हणजे माझ्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन बरोबरीची चिन्हे पडत होती. बेस६४मध्ये या चिन्हांचा अर्थ 'मजकूर संपला' असा आहे. जे मेल-प्रोग्राम उदार होते ते मधली चिन्हे ओलांडून पुढे वाचत राहिले आणि त्या लोकांना अहवाल दिसला. जे नियमाने चालले ते पहिल्याच तुकड्याशी थांबले. नियमाने चालणारे बरोबर होते, चूक माझी होती. दुरुस्ती एका आकड्याची झाली : १०२४च्या जागी १०२६. एका ओळीत ७६ चिन्हे लिहायची हा नियम आहे, ७६ चिन्हांत ५७ बाइट मावतात, आणि सत्तावन्न अठरे एक हजार सव्वीस. तुकडा तीनाच्या पटीत बसला, ओळीही पुऱ्या भरल्या, आणि बरोबरीचे चिन्ह फक्त फाइलच्या शेवटी राहिले.

पण तोवर नोटिशीची मुदत काही सभासदांच्या बाबतीत उलटून गेली होती. सभेत एका ज्येष्ठ सभासदाने रागाने विचारले, आम्हाला नोटीस का नाही? चेअरमन उठले होते, पण मी मागून उभी राहिले आणि चूक माझ्या कोडची आहे, सभासदांच्या कॉम्प्युटरची नाही, हे सांगितले. आज अठरा-एकोणीस वर्षांनी त्या कार्यालयाची सूचना वाचताना मला तीच सभा आठवली. चूक पाठवणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे न तपासताच समोरच्या माणसावर ढकलण्याचा मोह तेव्हा मलाही झाला होता.

तर गुरुजींच्या फाइलकडे वळते.

त्यांच्या मोबाइलमधून गेलेले पत्र मी मूळ स्वरूपात उघडून पाहिले. प्रत्येक चांगल्या मेल-सेवेत 'मूळ संदेश पाहा' अशी सोय असते, वाचकांनीही कधी पाहावे. पीडीएफचे बेस६४ शेवटपर्यंत ठाकठीक होते, बाउंडरी बरोबर होती. नावाची ओळही बरोबर होती, पण ती एका ओळीत नव्हती, आणि खरी गोम तिथेच होती.

युनिकोड लिहिण्याच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला, काना-मात्रेला, अनुस्वाराला, हलन्तालाही, तीन-तीन बाइट लागतात. फाइलचे नाव त्या भागाच्या ओळखीच्या ओळींत, म्हणजे शीर्षभागात, लिहायचे, तिथे मूळ नियमांनुसार इंग्रजीशिवाय दुसरे अक्षर चालत नाही, म्हणून प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे अशा तीन चिन्हांत लिहितात. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा. 'वारस नोंद अर्ज' यात बारा देवनागरी चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत. बारा नव्वे एकशे आठ, मोकळ्या जागांचे सहा, आणि 'डॉट पीडीएफ'चे चार, झाले ११८. शीर्षभागातली ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. मग नावाचे तुकडे होतात. पहिल्या तुकड्याला 'फाइलनेम, तारका, शून्य', दुसऱ्याला 'फाइलनेम, तारका, एक' अशी लेबले लागतात, आणि पत्र घेणाऱ्याने ते क्रमाने जोडून नाव पूर्ण करायचे असते. हा नियम १९९७ साली छापून जाहीर झालेला आहे. सर्वांसाठी खुला, फुकट वाचता येणारा.

कार्यालयातल्या एका तरुण लिपिकाला मी फोन केला. त्यांचे नाव इथे घेत नाही, पण त्यांनी जे सहकार्य केले त्याबद्दल त्यांची आभारी आहे. त्यांच्या पडद्यावर गुरुजींचे जोडपत्र 'अनामित' म्हणून दिसत होते आणि नावामागे पीडीएफची शेपटी नव्हती, म्हणून दोनदा क्लिक केले तरी कॉम्प्युटर ते उघडत नव्हता. मी त्यांना माझ्या प्रोग्राममधून चार पत्रे पाठवली, चारही पत्रांत तीच एक पानी पीडीएफ. पहिल्यात नाव छोटे इंग्रजी. दुसऱ्यात फक्त 'अर्ज'. तिसऱ्यात 'वारस नोंद अर्ज'. चौथ्यात मुद्दाम नव्वद अक्षरांचे इंग्रजी नाव.

पहिली दोन उघडली. तिसरी अनामित. आणि चौथीही अनामित!

म्हणजे 'अर्ज' हे मराठी नाव त्या सॉफ्टवेअरला चालले आणि लांब इंग्रजी नाव चालले नाही. भाषेचा प्रश्नच नव्हता. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तुकड्यांत आलेले नाव जोडण्याचा कोड लिहिलाच नव्हता. इंग्रजी फाइलचे नाव सहसा पाच-पंधरा अक्षरांत संपते, त्याचे तुकडे होण्याची वेळ येत नाही, म्हणून त्यांच्या चाचणीत हे कधी दिसले नसणार. मराठीत मात्र सहा-सात चिन्हांच्या पुढे गेले की तुकडे पडायला लागतात. कोडमधल्या खड्ड्यात पहिले पाऊल मराठीचे पडले, आणि पाटी लागली ती 'मराठीला प्रवेश नाही' अशी.

लिपिकांनी ही गोष्ट वरिष्ठांना सांगितली. उत्तर मिळाले की, कंत्राट संपलेले आहे, सूचना आहे तशीच राहू द्या.

मला या उत्तराचे जेवढे वाईट वाटले तेवढे आश्चर्य वाटले नाही. पण एक इतिहास सांगितला तर ते उत्तर किती चुकीचे आहे हे कळेल. अमेरिकेतल्या बेलकोअर कंपनीत काम करणारे नॅथॅनिएल बोरेन्स्टीन यांनी ११ मार्च १९९२ रोजी या पद्धतीने अटॅचमेंट असलेले पहिले ई-मेल पाठवले. त्यात त्यांच्या हौशी गायक-चौकडीचा फोटो होता आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी मिळून या पद्धतीचा, म्हणजे 'माइम'चा, नियमग्रंथ प्रसिद्ध केला. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या नियमग्रंथाचा हेतू नुसती चित्रे पाठवणे हा नव्हता. इंग्रजीबाहेरच्या लिप्यांतला मजकूर ई-मेलने जावा, हेही त्यात पहिल्याच पानावर सांगितले होते. आणि त्याच महिन्यात कीथ मूर यांचा जोडग्रंथ आला, तो केवळ पत्राच्या शीर्षभागात इतर भाषांची अक्षरे कशी लिहावीत याविषयी होता. म्हणजे अटॅचमेंट आणि परभाषेची अक्षरे ही जुळी भावंडे आहेत. ज्या नियमांनी पीडीएफ जाते, त्याच नियमांच्या घरात मराठी नावाचीही सोय आहे. एकाला घरात घेऊन दुसऱ्याला दारात उभे करण्याचा अधिकार कुणाला कुठून मिळाला?

आता माझ्या व्यवसायातल्या लोकांशी थोडे बोलते, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल अशी आशा आहे.

हाताने स्ट्रिंगा जोडून मल्टिपार्ट पत्र तयार करू नका. मी केले आहे, त्याची किंमत वर सांगितली. पीएचपीच्या साध्या मेल फंक्शनला बाउंडरी चिकटवलेला कोड आजही एकमेकांकडून उतरवून घेतला जातो आणि त्यात हमखास काहीतरी राहते. एखादा बेस६४च्या ओळी तोडत नाही, लाखभर अक्षरांची एकच ओळ पाठवतो. वाटेतला सर्व्हर हजाराची मर्यादा पाळण्यासाठी ती स्वतःच तोडतो आणि कधी तोडलेल्या जागी उद्गारचिन्ह घालतो. एखादा पीडीएफ 'मिक्स्ड' भागात ठेवण्याऐवजी 'अल्टरनेटिव्ह'मध्ये ठेवतो. अल्टरनेटिव्हचा अर्थ असा की, आतले सगळे भाग एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे आहेत आणि शेवटचे रूप सर्वांत चांगले. मग कुणाला नुसते पत्र दिसते, कुणाला नुसती पीडीएफ. एखाद्याची बाउंडरी इतकी साधी असते की पत्राच्या मजकुरातच ती सापडते आणि पत्र मध्येच दुभंगते. बाउंडरीत बरोबरीचे चिन्ह आणि त्यापाठोपाठ अधोरेघ ठेवली तर ही जोडी बेस६४मध्ये किंवा दुसऱ्या रूढ पद्धतीत कधीच येऊ शकत नाही. एवढे साधे शहाणपण नियमग्रंथातच लिहून ठेवलेले आहे.

पायथनमध्ये 'ईमेलमेसेज' नावाचा तयार वर्ग आहे. त्याला मजकूर द्या, मग 'अ‍ॅड अटॅचमेंट' म्हणून फाइलचे बाइट, प्रकार आणि नाव द्या, नाव खुशाल मराठीत द्या. बाउंडरी, बेस६४, ७६ची ओळ, नावाचे तुकडे हे सगळे तो स्वतः करतो. फाइल तेवढी बायनरी पद्धतीने उघडायला विसरू नका. मजकूर म्हणून उघडली तर विंडोजवर ओळींच्या शेवटांची उलथापालथ होते आणि पीडीएफ वाया जाते. जावा वापरणाऱ्यांनी आपली मेल-लायब्ररी किती जुनी आहे ते पाहावे. जावामेलच्या १.५ आवृत्तीपासून मराठी नावे नियमाप्रमाणे लिहिणे-वाचणे आपोआप होते, त्याआधी ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. नुसती लायब्ररी बदलून कित्येक कार्यालयांचे हे दुखणे बरे होईल असे माझे अनुभवाचे मत आहे.

तरीसुद्धा विद्यार्थ्यांनी एकदा तरी हाताने हे लिहून पाहावे असे मी म्हणते, शिकण्यासाठी. सांगलीच्या एका महाविद्यालयात मी वर्षातून एक दिवस शिकवायला जाते. तिथे मी मुलांना कागदावर मल्टिपार्ट पत्र लिहायला लावते आणि अटॅचमेंट म्हणून एकाच अक्षराची फाइल देते : 'म'. तीन बाइट, म्हणून बेस६४ची बरोबर चार चिन्हे, शेवटी बरोबरीचे चिन्ह नाही. मुले बिट मांडतात, सहा-सहाचे वाटे करतात आणि उत्तर येते : चार, मोठा के, मोठा एस, छोटा यू. गेल्या वर्षी एका मुलीने 'म'च्या जागी स्वतःच्या नावातला 'न' घेतला. तिचे उत्तर आले चार, के, एस, छोटा ओ. तिने लगेच हात वर केला, "मॅडम, पहिली तीन सारखीच कशी?" मग सगळा वर्ग एकेक अक्षर घेऊन बसला. देवनागरीच्या पहिल्या अर्ध्या चिन्हांची सुरुवात चार-के-एसने होते, दुसऱ्या अर्ध्याची चार-के-डब्ल्यूने. 'ळ'च्या वाट्याला शेवटी झेड येतो आणि ऱ्हस्व वेलांटीच्या वाट्याला तिरकी रेघ. तेव्हापासून कुठल्याही ई-मेलच्या पोटात बेस६४ मजकुराच्या सुरुवातीला चार-के-एस दिसले की मला कळते, इथे कुणीतरी आपल्या लिपीत काही लिहिले आहे. इतक्या वर्षांनंतरही मला त्याचा आनंद होतो.

कार्यालयांना माझी विनंती नेमकी आहे. ज्यांच्या संकेतस्थळावर किंवा दारावर 'फाइलचे नाव इंग्रजीतच' अशी सूचना आहे, त्यांनी ती काढावी. राज्याची राजभाषा मराठी आहे, अर्जाचा नमुना मराठी, अर्जदार मराठी, अर्ज वाचणारा मराठी, आणि फाइलच्या कपाळावर मात्र मराठी नको, हे पटणारे नाही. जोवर सॉफ्टवेअर दुरुस्त होत नाही तोवर 'अनामित' फाइल आली तर ती जपून ठेवून तिच्या नावापुढे पीडीएफची शेपटी लिहावी, ती उघडते. लिपिकांना मी फोनवर हेच करायला सांगितले आणि गुरुजींचा अर्ज त्यांच्या पडद्यावर त्याच क्षणी उघडला. नागरिकाला परत पाठवण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो.

आणि नवे सॉफ्टवेअर घेताना कंत्राटाच्या अटींत चाचणीची अट घालावी. अट मोघम नको. 'मराठी सपोर्ट असावा' असे लिहिले की कंत्राटदार पडद्यावर 'स्वागत' हा शब्द मराठीत दाखवून मोकळा होतो. अट अशी हवी : पन्नास चिन्हांचे मराठी नाव असलेली फाइल पाठवून ती त्याच नावाने, बाइट न बाइट तशीच पोचली पाहिजे. नावात मोकळी जागा असावी, जोडाक्षर असावे, 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' असावा, अवतरणचिन्ह असावे. फाइलच्या लांबीचीही चाचणी हवी : तीनाने पूर्ण भाग जाणारी, एक उरणारी, दोन उरणारी. शून्य बाइटची कोरी फाइलसुद्धा.

अशी बारा चाचणी-पत्रे मी तयार केली आहेत, प्रत्येकाबरोबर ते उघडल्यावर नेमके काय दिसले पाहिजे याचा कागद मराठीत लिहून ठेवला आहे. कोणत्याही कार्यालयाला, पतसंस्थेला, महाविद्यालयाला किंवा एकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रामरला ती हवी असतील तर मी विनामूल्य देईन. तुमच्या वृत्तपत्राच्या सांगली कार्यालयात पेनड्राइव्ह ठेवायची परवानगी मिळावी, ही आपणांस विनंती.

गुरुजींना मी सुचवून पाहिले होते की तूर्त नाव बदलून अर्ज पुन्हा पाठवू या, काम तर होईल. ते नाही म्हणाले. अर्ज उघडला आहे हे लिपिकांनी त्यांना फोनवर सांगितले आहे, पण लेखी पोच अजून आलेली नाही. ती 'वारस नोंद अर्ज' याच नावाने मिळावी असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी ते थांबले आहेत.

आपली,
पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक वाचक,
मिरज